खोट्या खुणा

एमिल व्हर्बाच्या खुणा सगळ्या शेतावरच्या होत्या. दोन्ही मुठी छातीपाशी धरून आळीपाळीनं खाली ओढल्या म्हणजे गाय दोहायची. तेव्हा चेंडू पोटाशी घट्ट धरून समोरच्या गड्यांच्या भिंतीत मधूनच घुसायचं. हात मागे नेऊन बी उधळल्यासारखा फिरवला की लांब फेक. दोन्ही तळवे तोंडाशी नेले, डुकरांना खायला बोलावतात तसे, की कडेच्या गड्याला छोटी फेक. शनिवारच्या गलक्यात ओरडून सांगितलेलं कुणाला ऐकू जात नाही. डाव हातानंच सांगायचा, मैदानात संघ चालवणाऱ्या गड्यानं, क्वार्टरबॅकनं, तो वाचायचा, बाकीच्यांच्या कानावर घालायचा आणि मग चेंडू हातात घ्यायचा. एमिल लोरिमर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा दुय्यम कोच; त्याच्यासमोर कितीतरी क्वार्टरबॅक आले आणि गेले. त्या सगळ्यांनी एमिलचे हात वाचले होते.

म्हातारे हेड कोच स्टॅन्सबरी गुडघ्यांपायी घरी बसले, तेव्हा त्यांच्या जागी एमिलच येणार हे गावानं धरून ठेवलं होतं. एमिलनंही धरलं होतं. त्याच्या बायकोनं, ब्लांचनं, त्याची घामानं कडक झालेली टोपी टाकून देऊन नवी आणूनही ठेवली होती. मग कॉलेजनं टेक्सासहून डॅरियन प्रुइटला आणलं. प्रुइट एमिलच्या थोरल्या मुलीच्या वयाचा. दुपारचं जेवण उभ्यानं करणारा, कुणालाही पूर्ण नावानं हाक मारणारा, आणि नेब्रास्काच्या उन्हात बोडक्या डोक्यानं हिंडणारा माणूस. नवी टोपी ब्लांचनं कपाटात वर ठेवून दिली.

ऑगस्टमध्ये, पहिल्याच आठवड्यात प्रुइटनं एमिलला बोलावून घेतलं आणि नवी पद्धत समजावली. खुणा आता नव्या असतील. त्याच्याबरोबर आलेला ट्रेव्हन नावाचा तरुण कोच पिवळी टोपी घालून त्या करेल. एमिलनं त्याच्यापासून थोडं लांब उभं राहून आपल्या जुन्याच खुणा करत राहायचं.

"अख्ख्या लीगला तुमच्या खुणा पाठ आहेत, कोच व्हर्बा," प्रुइट म्हणाला. "त्यांना त्या वाचू द्या. तुमच्या खोट्या, ट्रेव्हनच्या खऱ्या. ते तुमच्याकडे बघत बसले की आपलं काम झालं."

"मग मी नेमकी कुठली खूण करायची?"

"कुठलीही. मनाला येईल ती."

प्रुइटच्या बोलण्यात तथ्य होतं. एमिलच्या मनाला तेच जास्त लागलं. निव्वळ मूर्खपणा असता तर घरी जाऊन ब्लांचजवळ हसता तरी आलं असतं.

पोरांना कळायला वेळ लागला नाही. पुढच्या फळीतला आडदांड लेन होरासेक सरावाच्या वेळी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "कोच, एक विचारू? कावळे तुम्हाला खरंच भितात की खांद्यावर येऊन बसतात?" त्या दिवसापासून एमिलचं नाव बुजगावणं पडलं. एमिलही सगळ्यांबरोबर हसला. पण ते नाव महिन्याभरात लीगभर झालं आणि त्याबरोबर त्यामागचं कारणही. लोरिमरच्या म्हाताऱ्याच्या खुणा आता फुकाच्या आहेत, हे समजल्यावर त्याच्याकडे कोण बघणार? पिवळ्या टोपीकडेच सगळे बघू लागले. म्हणजे प्रुइटनं त्याला जे खोटं काम दिलं होतं, तेही उरलं नाही. तरी दर शनिवारी तो उभा राहायचा आणि हात हलवायचा.

पहिले दोन सामने लोरिमर वाईट हरलं. क्वार्टरबॅक होता वेस यानाक, मका पिकवणाऱ्या घरातला, लांब हाताचा, अबोल पोरगा. मागची दोन वर्षं तो एमिलच्या खुणांवर वाढला होता. नव्या खुणा त्याला पाठ होत्या, पण मैदानात गेल्यावर त्या त्याच्या डोक्यात अर्ध्या सेकंदानं उशिरा उमटायच्या, आणि तेवढ्यात समोरचे त्याच्या अंगावर आलेले असायचे. दुसऱ्या सामन्यात घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याची आई ब्लांचच्या शेजारी बसली होती. ब्लांचनं तिच्या मांडीवर खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचीचा, डबा ठेवला आणि दोघी मुकाट्यानं खात राहिल्या.

तिसऱ्या सामन्यात ते घडलं. एमिलला मनाला येईल ती खूण करायला सांगितलं होतं, पण त्याचे हात निरर्थक हलायला तयारच नव्हते. मैदान बघितलं की आपण असतो तर काय खेळलो असतो ते त्याच्या मनात यायचं आणि हात तेच करायचे. दुपार कलली होती, लोरिमर मागे होतं. ट्रेव्हननं लांब फेकीची खूण केली. एमिलला समोरच्यांची मधली फळी विरळ झालेली दिसली आणि त्याच्या मुठी आपोआप गाय दोहू लागल्या. वेसनं ट्रेव्हनकडे पाहिलं. मग त्याचं हेल्मेट थोडं वळलं. तो चेंडू पोटाशी धरून मधून घुसला आणि थेट शेवटच्या रेषेपलीकडे निघाला.

एमिलचे हात हवेत तसेच राहिले.

प्रुइट कडेकडेनं धावत आला. वेसनं चेंडू हातात घेण्याआधी समोरची मांडणी बघून डाव स्वतःच बदलला, असं त्याला वाटलं. क्वार्टरबॅकला ती मुभा असतेच. पण ती वापरण्याएवढी नजर फार थोड्यांना असते. "पोराला डोकं आहे," तो ट्रेव्हनला म्हणाला, आणि सामना जिंकल्यावर वर्तमानपत्रवाल्यालाही तेच म्हणाला.

त्यानंतर वेसचं हेल्मेट दर वेळी वळू लागलं. ट्रेव्हनकडे तो नावापुरता बघायचा आणि मग एमिलचे हात वाचायचा. दोघांमध्ये त्याबद्दल एक शब्दही झाला नाही. तिसरा धरून लोरिमर चार सामने ओळीनं जिंकलं. पिवळ्या टोपीवर डोळे लावून बसलेल्या समोरच्या संघांना काही उमजेना. पिवळी टोपी एक सांगायची आणि पोरं दुसरंच खेळायची. गावात प्रुइटचं नाव झालं. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, लोक त्याचा हात धरून हलवायचे, आणि तो प्रत्येकाला सांगायचा की खरं श्रेय यानाकच्या डोक्याचं आहे.

एमिलला हे सगळं दिसत होतं. आपण त्या माणसाला फसवतो आहोत हेही कळत होतं. पण आपले हात पुन्हा कुणीतरी वाचतं आहे, या सुखापुढे त्याला बाकीचं लहान वाटत होतं. तो सकाळी दाढी करताना गुणगुणू लागला. ब्लांच म्हणाली, "बुजगावण्याला पालवी फुटलीय म्हणायची." तो तोंड धुऊ लागला. ती त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, एवढंच.

सातव्या सामन्याच्या आधी, मक्याची कापणी जोरात चालू असताना, वेस सरावानंतर एमिलच्या गाडीपाशी येऊन उभा राहिला. हातात हेल्मेट, केसांत कापणीचा भुसा. सकाळी बापाबरोबर शेतावर जाऊन आला असावा. बराच वेळ त्यानं हेल्मेटची पट्टीच सारखी केली.

"कोच, तुम्ही पुढच्या वर्षी आहात ना?"

"का रे?"

"नाही, सहज. लोक म्हणतात मला समोरचं सगळं दिसतं." त्यानं पट्टी सोडून दिली. "मला काही दिसत नाही, कोच. नुसती अंगं दिसतात. तुम्ही नसलात तर मी काय करू?"

एमिलनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आहे मी, जा जेव जा, म्हणून त्याला लावून दिलं. पण गाडी चालवताना त्याला चैन पडेना. त्याच्या हाताखालून गेलेल्या क्वार्टरबॅकांना तिसऱ्या वर्षी समोरचं थोडंफार दिसू लागायचं. खूण बघायची, मग समोर बघायचं, चुकायचं, मार खायचा, पुन्हा बघायचं, असं करत करत ते शिकायचे. हा पोरगा या वर्षी फक्त जिंकायला शिकला होता. त्याची नजर एमिलच्या मुठींवरून पुढे गेलीच नव्हती.

तरीही शनिवारी एमिल आपल्या जागी उभा राहिला आणि त्यानं पुन्हा खऱ्याच खुणा केल्या. आजचा दिवस जाऊ दे, असं त्यानं मनाशी म्हटलं.

त्या दिवशी समोर प्लॅट नदीपलीकडचं हॅडली कॉलेज होतं. हॅडलीच्या बचावाचा कोच मिल्ट ओबर्ग हा एमिलचा बालमित्र. दोघांची शेतं एका कुंपणाला लागून. थंडीत पहाटे दोघं एकाच गोठ्यात शेजारी शेजारी स्टुलावर बसून गाई दोहायचे, कारण ओबर्गांच्या गोठ्यात शेगडी होती. एमिलच्या खुणा मिल्टला कधी शिकाव्या लागल्या नाहीत. स्टॅन्सबरींच्या काळात हॅडलीशी सामना असला की एमिल सगळ्या खुणा बदलायचा. या वर्षी ते त्याच्या डोक्यातच आलं नाही. बुजगावण्याकडे कोण बघतं?

मिल्ट बघत होता. डाव वाचायचा म्हणून नव्हे. म्हाताऱ्या मित्राला वयानं काय केलंय ते बघत होता. पण बघता बघता त्याच्या लक्षात आलं असावं, की एमिल दूध काढतो तेव्हा पोरं मधून घुसतात आणि बी उधळतो तेव्हा चेंडू लांब जातो. सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्याच्या सुरुवातीला एमिलनं बी उधळलं. हॅडलीची दोन पोरं एरवी मागे थांबायची, ती चेंडू निघण्याआधीच सुटली आणि वेसच्या उघड्या बरगड्यांवर येऊन आदळली. लोखंडी फाटक आपटावं तसा आवाज झाला. वेस पडला आणि काही वेळ उठला नाही.

एमिलनं मैदानापलीकडे पाहिलं. मिल्टनं टोपी काढली आणि किंचित वाकून पुन्हा डोक्यावर ठेवली.

वेस उठला, वाकून चालत राहिला. मध्यंतरापर्यंत त्याला आणखी दोनदा तसंच लोळवलं. एमिलनं दरम्यान एकदा हात खिशात घालून बघितले. तेव्हा पोरगा चेंडू हातात घेऊन नुसता त्याच्याकडे बघत राहिला आणि त्यानं त्याहून जास्त मार खाल्ला.

मध्यंतरात पोरं आत बसली. एमिलनं प्रुइटला बाहेर, जिन्याखाली बोलावलं. त्यानं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, आणि आपली बाजूही लावून धरली नाही. प्रुइट भिंतीला टेकून ऐकत होता. त्याच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"कधीपासून?"

"तिसऱ्या सामन्यापासून."

"म्हणजे ते चार विजय तुमचे."

"पोरांचे. खेळलं त्यांनी."

"आणि मी गावभर सांगत हिंडलो की यानाकला डोकं आहे. माणसं माझ्याकडे बघून मान हलवायची." प्रुइटनं सँडविच कागदात गुंडाळून खिशात घातलं. रागानं त्याचा आवाज उलट खाली गेला होता. "याचा हिशेब आपण नंतर करू. आत्ता एक सांगा, कोच व्हर्बा. तुम्हाला खोटं बोलता येतं का?"

"आजवर तेच करत होतो ना."

"नाही. आजवर तुम्ही खरं बोलत होता. मी सांगितलेलं एकच काम तुम्ही केलं नाही." त्यानं मैदानाकडे बोट केलं. "तो तुमचा दोस्त आता फक्त तुमच्याकडे बघणार. ऑगस्टमध्ये मला हेच हवं होतं. जा, त्याला खोटं सांगा. आणि त्या पोराला सांगा, तुमच्याकडे बघायचं नाही."

वेस बाकावर बसला होता, बरगड्यांना बर्फ लावून. एमिल त्याच्यासमोर उकिडवा बसला. माझे हात आता खोटे आहेत, त्यांच्यावर जाऊ नकोस, असं त्यानं सांगितलं. वेसनं बर्फ बाजूला ठेवला.

"मग कुणाकडे बघू?"

"ट्रेव्हनकडे. आणि मग समोर."

"सांगितलं ना कोच, मला समोरचं दिसत नाही."

"माहीत आहे. मी आडवा उभा होतो म्हणून."

लेन होरासेक शेजारीच बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही. "तू बघ रे," तो वेसला म्हणाला. "वेळ लागला तर लागू दे. आम्ही धरून ठेवतो त्यांना. नाहीतरी आम्हाला दुसरं काय काम असतं?"

खोटं सांगणं एमिलला सोपं गेलं नाही. त्यासाठी आधी खरं काय ते बघावं लागायचं, मग त्याच्या उलट हात न्यावे लागायचे, आणि हात नेताना चेहरा जसा असायचा तसाच ठेवावा लागायचा. सुरुवातीला त्याचे हात अडखळले आणि मिल्टनं भुवया चढवल्या. मग त्यानं मनाची एक युक्ती केली. जी खूण करायची, तो डाव खरंच खेळायचा आहे असं स्वतःला पटवायचं, आणि मगच हात उचलायचे. हॅडलीची पोरं चुकीच्या बाजूला धावू लागली. तरी वेस चाचपडतच होता. दोनदा त्यानं चेंडू रिकाम्या गवतावर फेकला. लोक पुन्हा ओरडू लागले. पण लेननं आणि त्याच्या बाजूच्या पोरांनी बोललेलं खरं केलं. त्यांनी समोरच्यांना शेणात रुतलेल्या गाडीसारखं अडवून धरलं, आणि वेसला दर वेळी श्वासभर जास्त वेळ मिळत गेला.

शेवटी एकच प्रयत्न उरला. लोरिमर तीन गुणांनी मागे, हॅडलीची रेषा समोर चार पावलांवर; ती ओलांडली की सहा गुण. ट्रेव्हननं डाव्या कोपऱ्यात उंच फेकीची खूण केली. एमिलनं ती पाहिली. मग त्यानं दोन्ही मुठी छातीपाशी आणल्या आणि तो गाय दोहू लागला. त्या वेळी त्याच्या मनात ओबर्गांचा गोठा होता, शेगडीचा धूर आणि बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज. इतक्या मनापासून त्यानं ती खूण आयुष्यात केली नव्हती. पलीकडे मिल्टनं दोन्ही हातांनी आपल्या पोरांना आत, मधे रेटलं.

वेसचं हेल्मेट सवयीनं एमिलकडे वळलं. एमिलनं हात थांबवले नाहीत. ते हेल्मेट क्षणभर तिथंच राहिलं. मग ट्रेव्हनकडे गेलं. मग समोर वळलं आणि समोरच राहिलं.

चेंडू निघाला तेव्हा एमिल चेंडूकडे बघत नव्हता. तो त्या हेल्मेटकडे बघत होता. ते डावीकडून उजवीकडे फिरलं, शांतपणे, जसं कुणी कुंपणाशी उभं राहून उभं पीक बघतं. डाव्या कोपऱ्यात हॅडलीचा एक पोरगा थांबून राहिला होता. सगळे काही मिल्टचं ऐकून आत आले नव्हते. वेसनं उंच फेकीसाठी उचललेला हात खाली आणला आणि उजव्या कडेला, कुणीच नव्हतं तिथं, एक साधी छोटी फेक केली. लोरिमरच्या पोरानं ती दोन्ही हातांत घेतली आणि रेषा ओलांडली.

गलक्यात प्रुइट वळला. "हा डाव कुणी दिला?"

"मी नाही," ट्रेव्हन म्हणाला.

"मीही नाही," एमिल म्हणाला.

प्रुइट मैदानाकडे बघत राहिला. नंतर त्यानं खिशातलं सँडविच काढलं आणि उभ्या उभ्या खाऊ लागला.

हात मिळवायला मिल्ट मैदान ओलांडून आला. थंडीनं त्याचं नाक लाल झालं होतं. त्यानं एमिलचा हात धरला तो सोडलाच नाही.

"थेरड्या, आजवर तू मला कधी खोटं सांगितलं नव्हतंस."

"आज सांगितलं."

"दुधाच्या बाबतीत तरी सांगायचं नव्हतंस." तो हसत होता, पण त्याला ते लागलं होतं. रविवारी तो नेहमीसारखा जेवायला आला, ब्लांचनं केलेलं डुकराचं मांस आणि आंबट कोबी दोनदा वाढून घेतला, पण सामन्याचा विषय त्यानं काढला नाही.

सोमवारी प्रुइटनं हिशेब केला. तो फार बोलला नाही. एमिलला काढायचं त्याच्या मनात होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आधी एमिल आपणहून आला होता, म्हणून काढत नाही, असं तो म्हणाला. मात्र मैदानाच्या कडेला आता एमिलनं उभं राहायचं नाही. वर काचेच्या केबिनमध्ये बसायचं. खाली फोन असेल. कुणी विचारलं तरच बोलायचं. आणि हिवाळाभर यानाकला घेऊन जुने सामने पडद्यावर दाखवायचे, त्याला काय दिसतं ते विचारायचं, आणि उत्तर सांगायचं नाही.

"आणि हात?" एमिलनं विचारलं.

"हात तुमच्यापाशीच ठेवा, कोच व्हर्बा."

घरी त्यानं ब्लांचला सांगितलं. तिला बाकीचं आधीच कळलं होतं. गुणगुणणं सुरू झालं तेव्हाच तिनं काहीतरी आहे हे ओळखलं होतं. वर काचेमागे बसायचंय म्हटल्यावर ती उठली, कपाटातली नवी टोपी काढली आणि म्हणाली की तिथं ऊन नाही, वारा नाही, म्हणजे ही खराब व्हायची नाही.

हंगामाचा शेवटचा सामना एमिलनं वरून पाहिला. शेतं रिकामी झाली होती आणि मैदानाच्या पार पलीकडे नदीपर्यंत नुसते मक्याचे बुंधे दिसत होते. इतकी वर्षं तो गवताच्या पातळीवरून बघत आला होता. वरून सगळं उघडं दिसायचं, कोण कुठून निघणार ते आधीच कळायचं. त्याचे हात मांडीवर हलू लागले. एकदा गाय दोहू लागले, एकदा बी उधळू लागले. शेजारी बसलेल्या आकडे लिहिणाऱ्या बाईनं त्याच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा त्यानं ते मांड्यांखाली घालून दाबून ठेवले. फोन वाजला नाही.

तो सामना लोरिमर हरलं. वेसनं काही फेकी चांगल्या केल्या, काही फार वाईट केल्या. प्रत्येक वेळी तो ट्रेव्हनकडे बघायचा, मग समोर बघायचा, आणि बघत राहायचा. काचेच्या केबिनकडे त्यानं एकदाही मान वर केली नाही. एमिल तेवढंच बघत होता, शेवटपर्यंत.